तीन बुर्देला आणि एक पाटी

माझा दीर फेर्नाँ गेले तीन आठवडे माझ्याशी चांगला वागतोय. माणसाने असं वागू नये.

बावन्न वर्षांत ह्या माणसाने मला एक काडी उचलून दिलेली नाही. दारावरून जाताना टोपीला बोट लावायचा, ते सुद्धा टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि आता? सोमवारी दोन कोबी घेऊन आला. मंगळवारी शिडी लावून माझ्या पन्हळीतली पानं काढली, न सांगता. गुरुवारी चेस्टनट आणले, तेही निवडून, किडके बाजूला काढून. मी त्यातलं एक आधी कुत्र्याला घातलं. कुत्रा जगला, पण माझा संशय काही मेला नाही. उलट म्हटलं, विष नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं आहे.

वर परत दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, बाबांची ती पत्र्याची पेटी आहे ना अजून तुमच्याकडे? सहज विचारलं."

सहज! बुर्देलांच्या घरात आजवर कोणी काही सहज विचारलेलं नाही.

ह्या सगळ्याचं मूळ आमच्या गावकचेरीत आहे. सरकारने कायदा काढला की प्रत्येक वाटेला नाव हवं आणि प्रत्येक घराला नंबर. आमच्या सें-मेदुल गावात शेकडो वर्षं कोणाच्या घराला नंबर नव्हता आणि कोणी हरवलंही नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात समोरची जॉर्जेत स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला. रुग्णवाहिकेला सांगितलं 'बुर्देला', तर ती गेली खाली ओढ्यावर, बुर्देला गिरणीकडे. तिथे आता डच जोडपं राहतं. त्यांनी चालकाला बसवलं, कॉफी पाजली, केक खिलवला. इकडे जॉर्जेत दोन तास फरशीवर पडून छताची तुळई न्याहाळत होती. तुळईला वाळवी लागलीय हे तिला तेव्हा कळलं, एवढाच त्यातला फायदा.

तर आमच्या गावात बुर्देला तीन. एक आमची वाडी, शे-बुर्देला, म्हणजे सरळ 'बुर्देलांकडे'. खरी, जुनी, मूळ. दुसरी ती गिरणी. तिसरा बुर्देला क्रूस, जिथे रस्ता फुटतो आणि जिथे फेर्नाँने लग्नानंतर वेगळं घर बांधलं. त्याच्या बायकोचं आणि सासूचं पटलं नाही म्हणून. माझंही पटलं नव्हतं, पण मी घर बांधलं नाही. मी तिथेच राहून सासूला पुरून उरले.

कचेरीतल्या चिटणीस बाई मादमोआझेल कोर्निलों. शहरातून आल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात, आणि उरलेले दिवस बहुधा नियम पाठ करतात. त्यांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, "एका गावात एकाच नावाच्या तीन जागा चालणार नाहीत. एकीला नाव राहील. बाकीच्या दोघांनी ह्यातून निवडा." आणि एक पुस्तिका पुढे सरकवली. त्यात सगळी पाखरं, झाडं आणि जनावरं. खंड्याची वाट. चंडोलांचा रस्ता. खारींची गल्ली.

डच बाईने टाळ्या वाजवल्या. खंड्या तिला फार गोड वाटला. गेला तो प्रश्न.

राहिले मी आणि फेर्नाँ. पुस्तिकेतली बाकी नावं गावाने आधीच उचललेली, म्हणून आमच्यापैकी एकाच्या वाट्याला खारींची गल्ली.

आता मला सांगा, मी एकोणीस वर्षांची असताना ह्या घरात आले. सहा किलोमीटरवरच्या रोशब्रुन गावाहून आले, पण सासूने असं बघितलं की जणू चंद्रावरून आले. पहिल्याच जेवणाला म्हणाली, "बुर्देला व्हायला जन्माला यावं लागतं, लग्न करून होता येत नाही." मी तोंडातला घास गिळला आणि बावन्न वर्षं गिळत राहिले. आमच्या ह्यांना, रेमोंना, ह्याच घरातून शेवटचं नेलं. आणि आता माझ्या फाटकावर निळी पाटी लागणार, 'खारींची गल्ली'? मी बावन्न वर्षांत इथे दोन खारी पाहिल्या. दोन्ही मांजराच्या तोंडात.

"नाव कोणाला राहील ते कसं ठरवणार?" मी विचारलं.

"अर्ज करा," कोर्निलोंबाई म्हणाल्या. "त्या जागेशी संबंधित, त्या आडनावाची एखादी थोर व्यक्ती दाखवता आली तर ग्रामसभा विचार करेल."

फेर्नाँ नुसता माझ्याकडे बघून हसला. तेव्हापासून हे कोबी.

मी घरी आले आणि नातीला, सोलेनला, फोन केला. ती लिमोजला शिकते. शिकते म्हणजे फोनकडे बघते. म्हटलं, त्यात बघ, बुर्देला नावाचे जगात थोर कोण कोण आहेत. मला खात्री होती की यादी लांब असणार. सेनापती, एखादा मंत्री, एखादा शोध लावणारा.

अर्ध्या तासाने तिचा फोन. "आजी, बसली आहेस ना?"

यादी अशी होती. कॅनडात एक बुर्देला तळं आहे, पण त्यात मासे नाहीत. कुठल्याशा बेटावर एक बुर्देला टेकडी आहे, तिथे माणसं नाहीत. रेल्वेचं एक बुर्देला ठाणं आहे, तिथे गाडी थांबत नाही. मग माणसं. एक बिशप, पण त्याला काढून टाकलेलं. का ते सोलेन सांगेना, म्हणजे मला कळलं. एक सायकलपटू, शर्यत पूर्ण केली, पण तो पोचला तेव्हा लोक मंडप सोडत होते. आणि एक गुरांचा डॉक्टर, त्याच्या नावाचा रोगच आहे.

"कसला रोग?"

"मेंढ्यांचा, आजी. मागच्या बाजूचा."

मी फोन ठेवला. जगभर पसरलेलं घराणं, आणि पसरलं ते हे असं. तळ्यात मासा नाही, टेकडीवर माणूस नाही, आणि मेंढीला सुख नाही.

जॉर्जेतला सांगितलं. ती खिडकीतच असते, नवा खुबा बसवल्यापासून तर अगदी कायमची. तिच्या कानात यंत्र आहे. ऐकायचं नसलं की ती ते बंद करते आणि आपलं अर्धं वाक्य वाया जातं.

"सायकलवाला घे," ती म्हणाली. "शेवटचा का होईना, पोचला तर होता. ह्या गावात काय पोचतं?"

"छे. मी आमच्याच घरातला घेणार. युद्धस्मारकावरचा लेओं. सासऱ्यांचा थोरला भाऊ. पंधरा नावांत चौथं नाव. एकोणीसशे सतरा, फ्रान्ससाठी मेला. ह्याहून थोर कोण?"

जॉर्जेतने खिडकीचा पडदा नीट केला. मग म्हणाली, "लेओं नको गं."

"का?"

"नको म्हणते ना. बिशप घे."

"काढून टाकलेला बिशप घेऊ आणि हुतात्मा नको?"

तिने यंत्र बंद केलं. मी खिडकीवर टकटक केली तर हात हलवून टाटा केला, मी समोर उभी असताना.

तेव्हाच मी ओळखलं. फेर्नाँ तिच्यापर्यंत पोचला होता. हिलाही कोबी दिले असणार.

आणि मग जिथे जावं तिथे तेच. गुरुवारी खाटकाची गाडी येते. मी खाटकाला सहज म्हटलं, लेओंच्या नावाने अर्ज करते आहे. त्याने सुरी खाली ठेवली आणि मला सॉसेजचा एक तुकडा जास्त घातला. त्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला काही जास्त घातलेलं नाही. सरपंच तर, आमचे मस्यू लादेरिए, चांगला सत्तरीचा माणूस, दारूच्या गुत्त्यातून बाहेर पळत आला, माझा हात धरून आत नेलं, मला एक पेला मागवला आणि म्हणाला, "मादाम हुगेत, खारी किती गोंडस असतात नाही?"

म्हणजे सरपंच सुद्धा विकला गेला होता!

मी ठरवलं, आता पेटी लपवायची. पेटीत लेओंचा एक फोटो आणि दोन-तीन कागद होते, आणि फेर्नाँचा डोळा नेमका त्यावरच. कपाटात ठेवली तर तो शोधेल, माळ्यावर ठेवली तर पन्हळ साफ करायच्या निमित्ताने शिडी लावेल. मी ती फ्रीझरमध्ये ठेवली, रानडुकराच्या तंगडीखाली. तिथे कोण बघतो?

कोणी बघितलं नाही हे खरं. पण तीन दिवसांनी पेटी उघडली तर फोटो कागदाला चिकटून दगड झालेला. चुलीजवळ धरला. बर्फ सुटला, कागद सुटला, आणि कागदाबरोबर लेओंची अर्धी मिशीही सुटली. तरी बाकी फोटो ठसठशीत होता. लेओं ताठ उभा, मांडीएवढं पोर कडेवर, आणि मागे ट्रॅक्टर. चांगला लाल की निळा ते कळत नव्हतं, पण मोठा. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा, सतरा साली शहीद झाला त्याच्या आधी आमच्या घरात ट्रॅक्टर होता! शेजारीपाजारी तेव्हा बैल हाकत होते.

अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. मी चार वर्षं शाळेत गेले, त्यातलं एक वर्ष गोवराने खाल्लं. पण माझं अक्षर सोलेनपेक्षा सुवाच्य आहे. तिला विचारा.

कोर्निलोंबाईंनी अर्ज वाचला, फोटो उजेडात धरला.

"मादाम, १९१७ च्या आधी असे ट्रॅक्टर होते?"

"बुर्देलांकडे होते," मी म्हटलं.

त्यांनी भुवया उचलल्या, पण लिहून घेतलं. वर म्हणाल्या की हुतात्म्याचा दाखला लागेल, तो सैनिकांची जुनी दप्तरं जिथे असतात त्या कचेरीतून येतो. उत्तर थेट माझ्या पत्त्यावर येईल. दोन आठवड्यांनी शुक्रवारी ग्रामसभा आहे, तीत तो दाखला वाचला की झालं.

मी पत्र टाकलं आणि वाट बघत बसले. एक आठवडा गेला. दुसरा गेला. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेले तर कोर्निलोंबाई म्हणतात, "मी मंगळवारी चौकशी केली, मादाम. उत्तर तर दहा दिवसांपूर्वीच पाठवलं आहे. बुर्देला, सें-मेदुल. पोचलं नाही?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची नेहमीची टपालवाली बाळंतपणाच्या रजेवर. बदली आलेला माणूस तिन्ही बुर्देलांची पत्रं पहिल्या दिसलेल्या पेटीत कोंबतो. आणि गावातून वर येताना पहिली पेटी कोणाची? क्रुसाजवळची. फेर्नाँची.

चोर! कोबीवाला चोर!

संध्याकाळी सहाला ग्रामसभा. मी माझा काळा कोट घातला, जो मी फक्त मयताला आणि मतदानाला घालते. सभागृहात पंधरा-वीस माणसं. सरपंच मध्ये, कोर्निलोंबाई त्यांच्या उजवीकडे वहीवर पेन रोवून. जॉर्जेतलाही कोणीतरी काठीसकट आणून बसवलेलं. फेर्नाँ मागच्या रांगेत, टोपी मांडीवर.

सरपंचांनी विषय उच्चारायच्या आतच मी उभी राहिले.

"विषयाआधी एक चोरी," मी म्हटलं. "माझं सरकारी पत्र ह्या सभेतल्या एका माणसाने दहा दिवस दाबून ठेवलंय. भावजी, उभे राहा."

फेर्नाँ उभा राहिला. चेहरा पांढरा.

"पत्र आहे का तुमच्याकडे?"

"आहे," तो म्हणाला.

सभेत कुजबुज. माझ्या आयुष्यातला तो सर्वात गोड क्षण होता, खोटं कशाला बोलू?

"उघडलंत?"

"पाकिटावर नुसतं बुर्देला लिहिलं होतं, वहिनी. मला वाटलं माझंच. बाहेर चला, मी तुम्हाला..."

"बाहेर? काय करायला? मला कोबी दाखवायला? इथे द्या. सगळ्यांसमोर वाचते."

"वहिनी, नका वाचू. तुमच्या पाया पडतो."

"मादाम हुगेत," सरपंच घाईने म्हणाले, "असं बघा, आज आपण जरा लवकर आटोपू आणि गुत्त्यात..."

"तुम्ही गप्प बसा, तुमचे पेले मी मोजलेत."

फेर्नाँने कोटातून पत्र काढलं. हातातून सुटेना, मी ओढून घेतलं. चष्मा चढवला. मी बोट ठेवून वाचते, ठणठणीत वाचते, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"'मादाम, आपण चौकशी केलेल्या शिपाई लेओं बुर्देला, जन्म सें-मेदुल, ह्यांच्याविषयी कळवतो की सदर शिपाई १९१७ च्या वसंतात लढाईत बेपत्ता झाल्याची नोंद...' ऐकलंत ना? बेपत्ता! '...नोंद झाली होती. तथापि...'"

तिथे माझं बोट थांबलं. डोळा मात्र पुढे गेला.

तथापि सदर शिपाई १९१९ साली शत्रूच्या इस्पितळातून बरा होऊन स्वगृही परतला. वास्तव्य शे-बुर्देला, सें-मेदुल. मृत्यू १९५८, त्याच पत्त्यावर.

त्याच पत्त्यावर म्हणजे माझ्या घरात. घरात पलंग एकच जुना आहे. त्या पलंगावर मी बावन्न वर्षं झोपते.

मी मान वर केली. आणि मग मला ते दिसलं. सभागृहातला एकेक म्हातारा आपल्या बुटांकडे बघत होता. खाटीक, सरपंच, सगळे. जॉर्जेतने यंत्र चालू केलं होतं, मला दिवा दिसत होता. कोणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. पुढे काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं! पन्नास वर्षं ठाऊक होतं! फक्त दोन माणसांना नव्हतं. एक मी. दुसऱ्या कोर्निलोंबाई, ज्यांचं पेन वहीवर तयार होतं.

"तथापि?" त्या म्हणाल्या. "पुढे वाचा, मादाम. नोंदीत काही चूक असेल तर मला वर कळवावं लागेल. स्मारकावरचं नाव सुद्धा दुरुस्त करावं लागतं. तसा नियम आहे."

मी फेर्नाँकडे बघितलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, टोपी अशी पिळत होता की तिच्यातून पाणी निघावं. मला काही समजलं नव्हतं, पण एवढं समजलं की हा पत्रासाठी भीत नाहीये. त्या दगडावरच्या नावासाठी भीत होता.

मी आयुष्यात कधी सरकारी कागद चुकीचा वाचलेला नाही. मी घसा साफ केला.

"'तथापि,'" मी वाचलं, "'तथापि तो अत्यंत शौर्याने पडला. देश त्याचा ऋणी आहे. कळावे.'"

"बस?" कोर्निलोंबाई म्हणाल्या. "कागद तर दोन परिच्छेदांचा दिसतो."

"दुसऱ्यात माझं सांत्वन आहे. ते खासगी आहे." आणि मी पत्राची घडी करून पोलक्यात सारली, जिथे सरकारचा हात पोचत नाही.

सभागृहात एकदम इतका श्वास सुटला की पडदा हलला. सरपंचांनी टेबलावर हात आपटला. "मंजूर! तशी गरजच नव्हती म्हणा. फेर्नाँने मंगळवारीच लिहून दिलंय की क्रुसाला खारींची गल्ली चालेल. नाव वाडीलाच राहणार होतं."

"मंगळवारीच?" मी म्हटलं.

सरपंच तोवर कोट चढवत होते.

सभा उठल्यावर मी फेर्नाँला बाहेर स्मारकापाशी गाठलं. "बोला," मी म्हटलं.

"थोरले काका परत आले तेव्हा दगड लागून झाला होता, वहिनी. काका सरळ तेव्हाच्या सरपंचाकडे गेले. तो म्हणाला, लेओं, आनंद आहे, पण तू जरा उशीर केलास. आपल्याकडे पंधरा नावं, रोशब्रुनकडे चौदा. तुझं खोडलं तर बरोबरी होईल."

"मग?"

"काका म्हणाले, राहू द्या. दर अकरा नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशी, नावं पुकारतात ना, आणि लोक म्हणतात, 'फ्रान्ससाठी मेला.' काकांचं नाव आलं की काका स्वतःच सगळ्यात मोठ्याने ओरडायचे. म्हणायचे, स्वतःच्या शोकसभेला इतक्या वेळा हजर राहिलेला दुसरा माणूस दाखवा. शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज गेला. मी आठ वर्षांचा. त्या फोटोतलं कडेवरचं पोर मीच. मला म्हणाले, पोरा, आता माझ्यासाठी तू ओरड. तेव्हापासून मी ओरडतो."

मी त्या दगडाकडे बघत राहिले. दरवर्षी मी ह्याच्या शेजारी उभी असते, आणि दरवर्षी मनात म्हणते, हा मेला एवढा कशाला किंचाळतो.

"आणि मला कोणी का सांगितलं नाही? अं? खाटकाला माहीत, जॉर्जेतला माहीत, मीच तेवढी नको?"

फेर्नाँ टोपीकडे बघून पुटपुटला, "आईने शपथ घातली होती, वहिनी. तुम्ही रोशब्रुनच्या ना."

मी त्याची कॉलर सरळ केली, जरा जोरातच, आणि सगळं गाव ऐकेल असं म्हटलं, "ऐक, फेर्नाँ. तू चोर निघाला असतास तर मी तुला उद्याच माफ केलं असतं, चोराला माफ करता येतं. तू भला निघालास, आणि बावन्न वर्षं मला परकी ठेवून भला निघालास, ह्याला माफी नाही. अकरा तारखेला लेओंच्या नावाला मी ओरडणार. तू माझ्या मागे उभं राहायचंस, माझ्यानंतर ओरडायचंस, आणि माझ्यापेक्षा हळू."